सारसाची राखण : प्रस्तावना

एखाद्या दुर्मीळ प्राण्याची मोजदाद नियमाने होऊ लागली, त्याचे आकडे वर्तमानपत्रांतून छापून येऊ लागले आणि त्याच्यावर प्रबंध लिहिले जाऊ लागले, म्हणजे त्याच्या रक्षणाचे निम्मे काम आपोआप पार पडले, असा एक समज आपल्या सुशिक्षित समाजात रूढ आहे. हा समज सर्वस्वी खोटा नाही. ज्याची गणतीच नाही त्याच्या नाशाची वार्ताही कोणाच्या कानी जात नाही आणि ज्याची वार्ता नाही त्याच्यासाठी कोणी दाद मागत नाही. तथापि मोजणे आणि राखणे ही दोन कामे भिन्न असून त्यांची माणसेही बहुधा भिन्न असतात. पहिले काम वर्षातून एकदा एका पहाटेत उरकता येते, दुसरे बारमाही असते. पहिल्याला दुर्बीण आणि वही पुरते, दुसऱ्याला जमीन, पाणी, हक्क आणि शेजार यांचा बंदोबस्त लागतो. गोंदिया जिल्ह्यात उरलेल्या मूठभर सारस पक्ष्यांची कथा ही मुख्यतः या दोन कामांमधील अंतराची कथा आहे.

हे अंतर किती घातक ठरू शकते याचा सर्वांत बोलका दाखला आपल्या देशात नसून प्रशांत महासागरातील ताहिती आणि मूरिया या बेटांवर सापडतो, म्हणून विषयाला हात घालण्यापूर्वी तो येथे नोंदवितो. या बेटांच्या डोंगरदऱ्यांतील झाडांवर पार्टुला नावाच्या गोगलगाई राहत. बोटाच्या पेराएवढ्या, पिकाच्या वाटेला न जाणाऱ्या, अंडी न घालता जिवंत पिलांना जन्म देणाऱ्या या प्राण्यांचे वैशिष्ट्य असे की एका दरीतील शंखांचे रंग, पट्टे आणि वळसे शेजारच्या दरीतील शंखांहून निराळे असत. हेन्री क्रॅम्प्टन नावाचा अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ १९०६ साली प्रथम तेथे गेला, त्याने दरीमागून दरी पालथी घालून हजारो शंख मोजले, मापले, वर्गवारीने लावले आणि १९१६ व १९३२ या साली त्यांवर भरभक्कम ग्रंथ प्रसिद्ध केले. त्यानंतर ब्रायन क्लार्क, जेम्स मरे आणि त्यांचे सहकारी यांनी तेच काम पुढे चालविले. उत्क्रांतीच्या अभ्यासकांना जगातील थोड्याच प्राण्यांची इतकी बारीक माहिती असेल.

या माहितीने त्या प्राण्याला वाचविले काय? खाण्यासाठी म्हणून त्या बेटांवर आणलेली आफ्रिकेतील राक्षसी गोगलगाय शेतांत माजली.  तिचा बंदोबस्त करावा या हेतूने सरकारी शेतीखात्याने फ्लोरिडाकडची एक मांसाहारी गोगलगाय मागवून १९७७ साली मूरियात सोडली. या नव्या शिपायाने ज्या चोराला धरावयाचे त्याला फारसे धरले नाही. त्याने झाडांवरच्या निरुपद्रवी पार्टुला खाल्ल्या, आणि अवघ्या दहा वर्षांत, १९८७ पर्यंत, मूरियातील पार्टुलाच्या सातही जाती रानातून नाहीशा झाल्या. अभ्यासकांनी अखेरच्या घटकेला उचलून नेलेल्या थोड्या गोगलगाई लंडन, जर्सी, एडिंबरो इत्यादी ठिकाणच्या प्राणिसंग्रहालयांत काचेच्या पेट्यांतून पिढ्यानुपिढ्या वाढविण्यात आल्या. २०१५ पासून त्यांची संतती बेटांवर परत सोडली जाऊ लागली आणि २०२४ साली त्यांपैकी एका जातीची रानातच जन्मलेली, पूर्ण वाढलेली गोगलगाय सापडली. ही घटना आनंदाची आहे खरी. पण तिच्यातून घ्यावयाचे ते तात्पर्य कडू आहे. ज्या प्राण्याविषयी सर्व काही ठाऊक होते तो दहा वर्षांत गेला, कारण त्याच्या वस्तीसंबंधी निर्णय घेण्याचा अधिकार ज्यांच्या हाती होता त्यांच्यात त्याची राखण करणारा कोणी नव्हता.

आता आपल्या विषयाकडे वळू. सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांत जगातील सर्वांत उंच पक्षी होय. पूर्ण वाढलेला नर जवळजवळ सहा फूट उंच भरतो. अंग राखाडी, पाय लांब व तांबूस, आणि डोके व मानेचा वरचा भाग पिसांवाचून लालभडक, असे त्याचे रूप एकदा पाहिले की दुसऱ्या पक्ष्याशी गल्लत होत नाही. नर आणि मादी माना उंचावून एकमेकांच्या सुरात सूर मिसळून जी आरोळी देतात ती मैलभर ऐकू जाते. जोडी दीर्घकाळ टिकते आणि आपल्या ठरावीक प्रदेशात, ठरावीक पाणथळीच्या आधाराने राहते. या दांपत्यनिष्ठेमुळे हा पक्षी भारतीय मनात फार पूर्वीपासून घर करून आहे. वाल्मीकीच्या करुणेला वाचा फोडणारा क्रौंच म्हणजे सारसच होय असे काही विद्वानांनी प्रतिपादिले आहे, आणि बादशहा जहांगिराने लैला व मजनू अशी नावे देऊन पाळलेल्या सारसांच्या जोडीने अंडी कशी घातली व कशी उबविली याची तपशीलवार नोंद आपल्या आत्मचरित्रात करून ठेवली आहे.

या काव्यमय कीर्तीच्या मागे एक रोखठोक जीवशास्त्र आहे आणि संरक्षणाच्या विचारात तेच महत्त्वाचे. सारसाची मादी विणीच्या हंगामात बहुधा दोनच अंडी घालते, ती सुमारे महिनाभर उभयतांनी आळीपाळीने उबवावी लागतात, आणि पिले उडू लागेपर्यंत आणखी तीनेक महिने जातात. त्यांतून एखादे पिलू निभावले तरी जोडीचे वर्ष सफल झाले असे समजावयाचे. ज्या प्राण्याची पैदास इतकी मंद, त्याच्या एका प्रौढ पक्ष्याचा अकाली मृत्यू ही अनेक वर्षांच्या जमेवर बसलेली वजावट असते. उत्तर प्रदेशात, जेथे सारस हा राज्यपक्षी आहे आणि त्याची संख्या हजारांनी मोजली जाते, तेथे ही वजावट कदाचित सोसवेल; गोंदियात ती सोसवणारी नाही. महाराष्ट्रात आज सारसाची खरी वस्ती म्हणावी अशी गोंदिया जिल्ह्यातच उरली आहे. भंडारा व चंद्रपूर या जिल्ह्यांत तो नावापुरता आहे, आणि वैनगंगा व बाघ या नद्यांपलीकडच्या बालाघाट जिल्ह्यातील सारस धरले तरी हा सारा समुदाय फार लहान आहे. २००४ च्या सुमारास गोंदियातील सारस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. ‘सेवा’ या स्थानिक संस्थेच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव हिंडून, शेतकऱ्यांना सारसमित्र करून, घरट्यांवर नजर ठेवून जे काम केले त्यामुळे ही संख्या पुढील दीड दशकात चाळिशीच्या घरात गेली. आणि त्यानंतर ती पुन्हा उतरणीला लागली. पावसाळ्यापूर्वी जून महिन्यात, पहाटेच्या अंधारात एकाच वेळी अनेक तलावांवर माणसे बसवून होणारी गणना दर वर्षी ही उतरण प्रामाणिकपणे टिपते. टिपण्यापलीकडे जाणे हे गणनेचे काम नव्हे.

मराठी वाचकाला या मुलखाची ओळख आहे ती बहुतांशी मारुती चितमपल्ली यांच्या लेखनामुळे. नवेगावबांधचे अरण्य, तेथील तलाव आणि त्याकाठची पाखरे त्यांनी मराठीत आणली, आणि १९७० साली अभयारण्य झालेले नागझिरा व १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झालेले नवेगाव ही दोन नावे त्यामुळे पुण्या-मुंबईच्या वाचकालाही जवळची झाली. या दोहोंना एकत्र करून २०१३ साली व्याघ्रप्रकल्प झाला. पण सारसाचे गोंदिया हे नव्हे. त्याचे वास्तव्य मुख्यतः जिल्ह्याच्या उत्तर भागात, वैनगंगा आणि बाघ नद्यांच्या खोऱ्यांतील धानाच्या बांध्यांत व परसवाडा, झिलमिली यांसारख्या गावतलावांच्या काठी आहे. अर्थात तो राहतो तो वनखात्याच्या हद्दीत नव्हे, तर महसुलाच्या हद्दीत. त्याच्या घरट्याची जमीन शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर असते, त्याच्या तलावाचे पाणी पाटबंधाऱ्याचे, मासळी सहकारी संस्थेच्या ठेक्याची, डोक्यावरची तार वीजकंपनीची आणि नदीतील वाळू लिलावाची असते. वाघासाठी एक कुंपण घालून आतील कारभार एका खात्याकडे सोपविता येतो. सारसाच्या बाबतीत अशी सोय नाही. त्याच्या जीवनाचे प्रत्येक अंग निराळ्या दप्तरात नोंदलेले आहे आणि त्या सर्व दप्तरांत मिळून त्याचे स्वतःचे नाव मात्र क्वचितच आढळते.

म्हणून सारसाचा विचार करणाऱ्याने आधी तलावाचा विचार केला पाहिजे. १९९९ साली गोंदिया निराळा जिल्हा होईपर्यंत हा सारा प्रदेश भंडारा जिल्ह्यात मोडत असे, आणि भंडाऱ्याची ख्याती तलावांचा जिल्हा अशी आहे. हे तलाव निसर्गाने दिलेले नाहीत. गोंड राजवटीच्या आश्रयाने कोहळी समाजातील कर्त्या पुरुषांनी, उतारावरील पाण्याची चाल ओळखून, दोन टेकड्यांच्या बेचक्यात मातीची पाळ घालून ते बांधले. ही मंडळी काशीकडून आली अशी त्यांची परंपरा सांगते. नवेगावचा विस्तीर्ण बांध कोलू पाटील कोहळी याने अठराव्या शतकाच्या आरंभी घातला; त्याभोवतीच्या टेकड्यांना सात बहिणी म्हणतात आणि बांधणाऱ्यालाच लोकांनी पुढे कोलासुर या नावाने देवपण दिले. पाणी अडविणाऱ्या माणसाची पूजा करणारा हा समाज व्यवहारात भोळा नव्हता. तलाव कोणी बांधला, पाळ फुटली तर मजूर कोणी द्यावयाचे, वरच्या बांधीला पाणी आधी की खालच्या, मासे कोणाचे, शिंगाडा कोणाचा, आटलेल्या तलावाच्या पोटात पीक कोणी घ्यावयाचे, या सर्व गोष्टींना रिवाज होता. इंग्रजी अमलात १८६० नंतरच्या बंदोबस्तात मालगुजारांना गावांची मालकी मिळाली तेव्हा तो रिवाज वाजिब-उल-अर्ज या गावकागदात लेखी उतरला आणि रयतेचे निस्तारहक्क, म्हणजे गावचे जंगल-पाणी वापरण्याचे हक्क, त्यात नमूद झाले.

मालगुजारीचे गोडवे गाण्याचा येथे हेतू नाही. ती पद्धत विषमतेवर उभी होती, तिच्यात वेठ होती, आणि ती गेली हे उत्तमच झाले. तेव्हाच्या मध्य प्रदेश राज्याच्या १९५० च्या कायद्याने मालकी हक्क रद्द होऊन १९५१ च्या मार्चअखेर तलाव सरकारजमा झाले. पण मालकाबरोबर त्याच्या माथी असलेली डागडुजीची जबाबदारीही गेली, आणि तिचा नवा धनी गावात कोणी उरला नाही. ‘माजी मालगुजारी’ हे बिरुद लागलेले हे तलाव आता लोकांच्या तोंडी आणि सरकारी कागदांतही ‘मामा तलाव’ झाले आहेत. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे, मासळीचा ठेका सहकारी संस्थेकडे, आणि काठावरचे अतिक्रमण ज्याच्या हाती कुदळ त्याच्याकडे, अशी त्यांची वाटणी झाली. गाळ साचत गेला, पाळी खचल्या, आणि उथळ काठ, जो सारसाच्या चाऱ्याची व मुक्कामाची मुख्य जागा, तोच प्रथम नांगराखाली आला. जेथे नांगर फिरला नाही तेथे बेशरम नावाची वनस्पती माजली. पाण्यातील कंद, देवधान, किडे, बेडूक आणि शंखशिंपल्यांतील प्राणी खाऊन राहणाऱ्या पक्ष्याला बेशरमीच्या रानात काही मिळत नाही. मासेमारी करणाऱ्या ढिवराच्या जाळ्यालाही तेथे काही मिळत नाही. सारस आणि ढिवर यांचे हित एकच आहे, हे सत्य परिसंवादांतून फारसे उच्चारले जात नाही.

ते सत्य कृतीत आणून दाखविण्याचा मान भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाला द्यावयास हवा. या मंडळाने अर्जुनी मोरगाव परिसरातील तलावांत ढिवर समाजाच्या स्त्री-पुरुषांना बरोबर घेऊन बेशरम उपटली, तलावाच्या पोटात नांगरट करून देशी जलवनस्पती पुन्हा लावल्या, आणि कोणती वनस्पती किती खोल पाण्यात रुजते व कोणता मासा तिच्या आश्रयाला येतो या बाबतीत पुस्तकापेक्षा त्या समाजाच्या पिढीजात ज्ञानावर भिस्त ठेवली. वनस्पती आल्या तशी मासळी आली, आणि पाखरेही आली. मूरियातील शेतीखात्याने परक्या प्राण्याच्या हाती बंदोबस्त सोपविला होता. येथे तो गावच्याच माणसांच्या हाती राहिला. दोन उपायांच्या फळांतील अंतर याच भेदातून निघाले आहे.

तलावानंतर बांधी. पऱ्हे उपटून रोवणी झाली, बांध्यांत पाणी साचले, की सारसाची जोडी धानाच्या मधोमध गवताचा व धानाच्या काड्यांचा उंचवटा रचून त्यावर अंडी घालते. त्यासाठी बांधीचा एक लहानसा तुकडा तुडवला जातो. शेतकऱ्याने तेवढे नुकसान सोसले, निंदणीच्या बायांना त्या बाजूस जाऊ दिले नाही, कुत्री व अंडीचोर पोरे हाकलली, आणि कीटकनाशकाची फवारणी त्या भागात टाळली, तर ती जोडी यशस्वी होते. यांपैकी एक गोष्ट चुकली तर ते वर्ष फुकट जाते. महाराष्ट्रातील या पक्ष्याचे भवितव्य अशा रीतीने फार थोड्या शेतकऱ्यांच्या चांगुलपणावर टांगलेले आहे, आणि त्या चांगुलपणाचा मोबदला शाल-श्रीफळाच्या सत्कारापलीकडे जाऊन निश्चित, वेळेवर मिळणाऱ्या भरपाईच्या रूपात देणे हे सरकारचे कर्तव्य आहे. भरपाई मागण्यासाठी ज्याला तहसिलीचे उंबरठे झिजवावे लागतात, तो पुढल्या वर्षी घरटे दिसले तरी दिसले नाही असे म्हणेल, आणि त्यात त्याचा दोष धरता येणार नाही.

उरलेली संकटे गावाच्या आवाक्याबाहेरची आहेत. तलावावरून शेताकडे सायंप्रातः उडणाऱ्या, जड अंगाच्या, चटकन वळू न शकणाऱ्या या पक्ष्याला उघड्या वीजतारा काळाप्रमाणे ठरल्या आहेत. वाळूच्या उपशाने नदीकाठच्या निवाऱ्याच्या जागा नासल्या आहेत. या बाबींकडे लक्ष वेधले गेले ते अखेर न्यायासनामुळे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली घटत्या सारसांची स्वतः होऊन दखल घेतली, ती बाब जनहित याचिका म्हणून चालविली, आणि गोंदिया, भंडारा व चंद्रपूर या जिल्ह्यांत सारस संवर्धन समित्या नेमविल्या. महसूल, वने, पाटबंधारे, कृषी व वीज या खात्यांना एकाच पक्ष्याच्या निमित्ताने एका मेजाभोवती बसावे लागले, ही घटना लहान नाही. विखुरलेल्या दप्तरांत सारसाचे नाव प्रथमच एकत्र नोंदले गेले. पण समिती हे राखणदारीचे साधन आहे, राखणदार नव्हे. न्यायालयाचा डोळा आहे तोवर कागद हलतात. याचिका निकालात निघाल्यावरही ते हलतील अशी व्यवस्था उभी राहिली तरच त्या आदेशाचे सार्थक होईल.

सारस पिंजऱ्यात वाढवून पुन्हा सोडावेत, अशीही सूचना अधूनमधून पुढे येते. थायलंडात रानातून नामशेष झालेला सारस प्राणिसंग्रहालयात वाढवून २०११ पासून बुरीराम प्रांतात सोडण्यात आला आणि तेथे तो पुन्हा वीण करू लागला, हे खरे आहे. पण सोडलेल्या त्या सारसांनी घरटी बांधली ती शेतकऱ्यांच्या धानशेतांतच. म्हणजे कोट्यवधींचा खर्च करून आणि दशकानुदशके वाट पाहून तो देश जेथे पोहोचला, त्या जागी गोंदिया आज तशा खर्चावाचून उभा आहे. आपला पक्षी अजून शेतात आहे, त्याला ओळखणारा शेतकरी अजून गावात आहे, आणि तलाव खचलेले असले तरी बुजलेले नाहीत. हे भांडवल हाती असताना पेटीतील पैदाशीचे स्वप्न पाहणे म्हणजे घर जळू देऊन विम्याची रक्कम मोजणे होय.

या विषयाकडे वळणाऱ्या वाचकाने आकड्यांचा वार्षिक चढउतार वाचून हळहळणे किंवा हर्षित होणे एवढ्यावर थांबू नये, अशी विनंती आहे. एखाद्या वर्षी दोन पक्षी वाढले म्हणून काम झाले असे नाही, आणि दोन घटले म्हणून सर्व संपले असेही नाही. त्याऐवजी काही साधे प्रश्न विचारावेत : यंदा किती मामा तलावांचा उथळ काठ मोजून त्याची हद्द कायम झाली? किती तलावांतील बेशरम निघाली आणि त्या कामाची मजुरी ढिवरांना मिळाली काय? सारसांच्या येण्याजाण्याच्या वाटेवरील किती तारांना वेष्टण चढले? ज्यांच्या बांधीत घरटी झाली त्या शेतकऱ्यांची भरपाई कापणीपूर्वी हाती पडली काय? हे प्रश्न जिल्हा परिषदेच्या सभेत, ग्रामसभेत आणि वर्तमानपत्रांत जूनच्या गणनेइतक्याच नियमाने विचारले जाऊ लागले, तर गोंदियातील सारस टिकेल. ते विचारण्यास पक्षिशास्त्राची पदवी लागत नाही. नागरिक असणे पुरेसे आहे.